प्राप्तिकर पुनर्निर्धारण

प्राप्तिकर पुनर्निर्धारण म्हणजे एखाद्या वर्षाचे कर निर्धारण पूर्ण झाल्यानंतर, त्या वर्षातील करपात्र उत्पन्न निर्धारणातून सुटले असल्याच्या कारणावरून ते निर्धारण पुन्हा उघडण्याची भारतीय करकायद्यातील कार्यवाही होय. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १४७ ते १५३ मध्ये तिच्या तरतुदी होत्या. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये त्या मुख्यतः कलम २७९ ते २८६ मध्ये आल्या आहेत. करदात्याने आपल्या निर्धारणासाठी आवश्यक असलेली सर्व महत्त्वाची तथ्ये संपूर्णपणे व खरेपणाने उघड केली होती का, हा या कार्यवाहीतील सर्वात जुना आणि सर्वाधिक वादाचा प्रश्न आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखानदारी, शेतजमिनींचे व्यवहार, शेती उत्पन्न आणि पवनऊर्जा प्रकल्प या क्षेत्रांत हा प्रश्न कसा उपस्थित होतो, याचाही या लेखात विचार केला आहे.

संज्ञा व व्याप्ती

करदाता दरवर्षी विवरणपत्र भरून आपले उत्पन्न व त्यावरील कर स्वतः ठरवतो. विभागाकडून त्यावर दोन प्रकारे कार्यवाही होते. बहुसंख्य विवरणपत्रांची कलम १४३(१) खाली संगणकाद्वारे छाननी होऊन करदात्याला केवळ सूचनापत्र पाठवले जाते. निवडक प्रकरणांत कलम १४३(३) खाली हिशेब, पुरावे व स्पष्टीकरणे मागवून सविस्तर निर्धारण आदेश काढला जातो. या दोहोंपैकी कोणतीही कार्यवाही पूर्ण झाल्यानंतर उत्पन्न सुटल्याचे दिसून आल्यास पुनर्निर्धारण करता येते. विवरणपत्रच भरलेले नसेल तर तेही प्रकरण याच तरतुदींखाली येते.

पुनर्निर्धारण हे दुरुस्ती आणि पुनरीक्षण या दोन कार्यवाहींपासून वेगळे आहे. कलम १५४ खालील दुरुस्ती अभिलेखावरून उघड दिसणाऱ्या चुकीपुरती मर्यादित असते. कलम २६३ खालील पुनरीक्षणात प्रधान आयुक्त किंवा आयुक्त हे निर्धारण अधिकाऱ्याचा चुकीचा व महसुलाला बाधक ठरणारा आदेश तपासतात. पुनर्निर्धारणात निर्धारण अधिकारी स्वतः पूर्वीचे निर्धारण उघडतो आणि त्यासाठी सुटलेल्या उत्पन्नाकडे निर्देश करणारा आधार त्याच्याजवळ असावा लागतो.

या तरतुदीत दोन परस्परविरोधी हितांचा मेळ घालण्याचा प्रयत्न असतो. माहिती दडवणाऱ्याला केवळ काळ लोटला म्हणून लाभ मिळू नये, हे एक हित होय. दुसरीकडे, सर्व काही सांगून निर्धारण पूर्ण करून घेतलेल्या करदात्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षे टांगती तलवार राहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कालमर्यादा, पूर्वमंजुरी आणि तथ्ये उघड करण्याची अट ही या दोन हितांमधील सीमारेषा आखण्याची साधने आहेत.

इतिहास

भारतीय प्राप्तिकर अधिनियम, १९२२ च्या कलम ३४ मध्ये सुटलेल्या उत्पन्नाचे निर्धारण करण्याची तरतूद होती. १९४८ च्या दुरुस्तीने तिचे दोन भाग झाले. करदात्याने विवरणपत्र भरण्यात किंवा महत्त्वाची तथ्ये संपूर्णपणे व खरेपणाने उघड करण्यात कसूर केली असल्यास आठ वर्षांपर्यंत, आणि अशी कसूर नसताना अधिकाऱ्याला नवी माहिती मिळाल्यास चार वर्षांपर्यंत, निर्धारण उघडता येऊ लागले. १९६१ च्या अधिनियमाने हीच विभागणी कलम १४७ च्या खंड (क) आणि (ख) या रूपात चालू ठेवली आणि सुटलेली रक्कम मोठी असल्यास पहिल्या प्रकारात सोळा वर्षांपर्यंतची मुदत दिली.

१ एप्रिल १९८९ पासून दोन्ही खंड एकत्र करून, उत्पन्न सुटले आहे असे मानण्यास अधिकाऱ्याजवळ कारण असणे ही एकच मुख्य अट ठेवण्यात आली. मात्र कलमाच्या पहिल्या परंतुकाने करदात्याला संरक्षण दिले. कलम १४३(३) खाली सविस्तर निर्धारण झाले असेल, तर संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांनंतर करदात्याने तथ्ये उघड करण्यात कसूर केली असेल तरच पुनर्निर्धारण करता येई. २००१ च्या सुधारणेनंतर मुदत सर्वसाधारणपणे चार वर्षे आणि सुटलेले उत्पन्न एक लाख रुपये किंवा अधिक असल्यास सहा वर्षे अशी झाली. परदेशातील मालमत्तेसंबंधीच्या प्रकरणांसाठी २०१२ मध्ये सोळा वर्षांची मुदत जोडण्यात आली.

वित्त अधिनियम, २०२१ ने १ एप्रिल २०२१ पासून ही रचना बदलली. कारण असल्याच्या विश्वासाऐवजी उत्पन्न सुटल्याचे सुचवणारी 'माहिती' हा आधार ठरला. नोटिशीपूर्वी करदात्याचे म्हणणे ऐकण्यासाठी कलम १४८अ आले. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे आणि सुटलेले उत्पन्न पन्नास लाख रुपये किंवा अधिक असल्यास विहित परिस्थितीत दहा वर्षे करण्यात आली. पहिले परंतुक नव्या कलमातून वगळले गेले. त्यामुळे 'संपूर्ण व खरी' तथ्ये उघड करण्याची अट कलमाच्या शब्दांत उरली नाही.

कोविड काळात मुदतवाढ देणाऱ्या अधिसूचनांचा आधार घेऊन १ एप्रिल २०२१ नंतरही जुन्या पद्धतीने सुमारे ९०,००० नोटिसा काढल्या गेल्या. त्यांवर देशभरातील उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाल्या. ४ मे २०२२ रोजी आशिष अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नोटिसा रद्द न करता त्यांना कलम १४८अ खालील कारणे दाखवा नोटिसा मानले. त्यातून उद्भवलेल्या मुदतीच्या प्रश्नांवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी राजीव बन्सल प्रकरणात निकाल झाला. दरम्यान वित्त (क्रमांक २) अधिनियम, २०२४ ने १ सप्टेंबर २०२४ पासून दहा वर्षांची मुदत आणखी कमी केली.

संपूर्ण व खरी तथ्ये

महत्त्वाची तथ्ये कोणती आणि ती उघड करण्याचे कर्तव्य कोठे संपते, याचे पायाभूत विवेचन सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता डिस्काउंट कंपनी प्रकरणात नोव्हेंबर १९६० मध्ये केले. कंपनीने शेअरविक्रीतून झालेला नफा व्यापारी उत्पन्न म्हणून दाखवला नव्हता. शेअरचा व्यापार करण्याचा आपला हेतू कंपनीने सांगितला नाही, असे कारण देऊन तिची तीन वर्षांची निर्धारणे उघडण्यात आली होती. न्यायालयाने बहुमताने ही कार्यवाही अवैध ठरवली. करदात्याने सर्व प्राथमिक तथ्ये समोर ठेवावीत. त्या तथ्यांवरून कोणते तथ्यात्मक किंवा कायदेशीर निष्कर्ष निघतात हे ठरवणे अधिकाऱ्याचे काम आहे. ते निष्कर्ष करदात्याने सांगावेत अशी अपेक्षा कायदा करत नाही, असे या निकालाचे सार आहे.

या कर्तव्याला दुसरी बाजूही आहे. जुन्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले होते की, ज्या हिशेबवह्यांतून किंवा पुराव्यांतून अधिकाऱ्याला प्रयत्नपूर्वक शोध घेतल्यास महत्त्वाची बाब सापडू शकली असती, त्या केवळ सादर केल्याने तथ्य उघड झाले असे होईलच असे नाही. ढीगभर कागदांत एखादी नोंद दडवून ठेवणे म्हणजे ती उघड करणे नव्हे, असा याचा अर्थ होतो. तसेच सांगितलेले तथ्य खरेही असावे लागते. फूलचंद बजरंगलाल प्रकरणात (१९९३) मूळ निर्धारणात मान्य झालेले कर्ज प्रत्यक्षात केवळ नाव वापरून दाखवलेले होते, अशी माहिती नंतर पुढे आली. व्यवहार कागदोपत्री दाखवलेला असला तरी तो खोटा निघाल्यास पुनर्निर्धारण वैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

अधिकाऱ्यावरील बंधनेही न्यायालयांनी स्पष्ट केली आहेत. लखमणी मेवल दास प्रकरणात (१९७६) हाती असलेली सामग्री आणि उत्पन्न सुटल्याचा विश्वास यांत थेट व तर्कसंगत दुवा असला पाहिजे, असा निर्णय झाला. हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध आर. बी. वाडकर प्रकरणात (२००४) मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, नेमके कोणते तथ्य उघड केले नाही हे नोंदवलेल्या कारणांतच आले पाहिजे. ती कारणे नंतर प्रतिज्ञापत्राने पुरी करता येत नाहीत.

मतबदल

पूर्वीच्या निर्धारणात एखाद्या मुद्द्याची चौकशी होऊन वजावट मान्य झाली असेल आणि नंतरच्या अधिकाऱ्याला त्याच कागदांवरून ती मान्य नसावी असे वाटले, तर त्याला 'मतबदल' म्हटले जाते. केवळ मतबदलाच्या आधारे निर्धारण उघडता येत नाही. पुनर्निर्धारणाचा अधिकार हा फेरआढावा घेण्याचा अधिकार नव्हे आणि त्यासाठी ठोस सामग्री हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने केल्विनेटर ऑफ इंडिया प्रकरणात जानेवारी २०१० मध्ये स्पष्ट केले.

हे संरक्षण मत तयार झालेले असेल तेव्हाच मिळते. कलम १४३(१) खालील सूचनापत्र हे निर्धारण नव्हे, असे राजेश झवेरी स्टॉक ब्रोकर्स प्रकरणात (२००७) ठरले. गोव्यातील झुआरी इस्टेट डेव्हलपमेंट या कंपनीच्या प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र लावले. ज्या विवरणपत्रावर केवळ सूचनापत्र निघाले आहे, तेथे अधिकाऱ्याने कोणतेही मत बनवलेले नसते आणि म्हणून मतबदलाचा प्रश्न उद्भवत नाही. पगारदार, लहान व्यापारी व शेतकरी यांची बहुतेक विवरणपत्रे याच प्रकारात मोडतात. २०२१ नंतरच्या रचनेतही मतबदलाचे तत्त्व कायम आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सीमेन्स फायनान्शियल सर्व्हिसेस प्रकरणात २०२३ मध्ये दिला.

कार्यपद्धती व मुदती

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या रचनेत कार्यवाहीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. माहिती : विभागाच्या जोखीम व्यवस्थापन पद्धतीतून मिळालेली माहिती, लेखापरीक्षणातील आक्षेप, अन्य देशांशी झालेल्या करारांतून आलेली माहिती, न्यायाधिकरण किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे आवश्यक झालेली कार्यवाही, तसेच सर्वेक्षणात मिळालेली माहिती हे मान्य आधार आहेत.

२. कारणे दाखवा नोटीस : अधिकाऱ्याने माहितीसह नोटीस देऊन करदात्याला उत्तराची संधी द्यावी लागते. ही नोटीस सर्वसाधारणपणे निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षांच्या आत आणि सुटलेले उत्पन्न पन्नास लाख रुपये किंवा अधिक असल्यास पाच वर्षांच्या आत काढता येते.

३. आदेश : उत्तराचा विचार करून हे प्रकरण पुनर्निर्धारणास योग्य आहे की नाही, याचा आदेश विहित वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने काढला जातो.

४. मुख्य नोटीस : त्यानंतर कलम १४८ खालील नोटीस निघते. तिची मुदत अनुक्रमे तीन वर्षे तीन महिने आणि पाच वर्षे तीन महिने आहे. या नोटिशीला अनुसरून करदात्याने नवे विवरणपत्र भरायचे असते.

५. पुनर्निर्धारण आदेश : नोटीस बजावली त्या वित्तीय वर्षाच्या अखेरीपासून सर्वसाधारणपणे बारा महिन्यांत आदेश होणे आवश्यक असते.

आक्षेपांवर आधी कारणांसह आदेश देण्याची पद्धत जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशातून २००२ पासून रूढ झाली होती. कलम १४८अ ने तिला कायद्यात स्थान दिले.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्वरूप

साखर कारखाने

दोन्ही जिल्ह्यांतील मोठा कृषी-औद्योगिक व्यवसाय सहकारी साखर कारखान्यांचा आहे आणि त्यांतील दोन कारखान्यांची नावे प्राप्तिकराच्या न्यायनिर्णयांत वारंवार येतात. सातारा जिल्ह्यातील रेठरे बुद्रुक (तालुका कराड) येथील कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात, सभासद ऊस उत्पादकांना दरमहा व दिवाळीला सवलतीच्या दराने दिलेल्या साखरेचा प्रश्न होता. बाजारभाव आणि सवलतीचा दर यांतील फरक हा नफ्याचे वाटप म्हणून कारखान्याच्या उत्पन्नात मिळवावा, असे विभागाचे म्हणणे होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा, तिचे व्यापारी कारण आणि संबंधित ठराव यांसारख्या बाबी तपासून नव्याने निर्णय घेण्यासाठी प्रकरण परत पाठवले.

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात मार्च २०१९ मध्ये झालेला निकाल ऊसदराविषयी होता. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार केंद्र सरकार हंगामाच्या सुरुवातीला किमान वैधानिक दर ठरवत असे. हंगामाअखेर खंड ५अ खाली भार्गव आयोगाच्या सूत्रावर आधारित जादा दर दिला जाई. राज्य सरकारने मान्य केलेला अंतिम दर आणि किमान दर यांतील फरक हा संपूर्णपणे उसाची किंमत आहे की त्यात नफ्याचा वाटा आहे, हा वाद होता. अंतिम दरात नफ्याचा जो भाग असेल तो नफ्याचे वाटप ठरेल आणि उरलेली रक्कम खर्च म्हणून वजा होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हा भाग शोधण्यासाठी कारखान्याचे ताळेबंद आणि दर निश्चित करताना राज्य सरकारला सादर केलेली विवरणे तपासावीत, असे सांगून प्रकरणे निर्धारण अधिकाऱ्याकडे पाठवण्यात आली.

दोन्ही निकालांतील मुख्य प्रश्न वजावटीचा होता. तथापि साखर कारखान्याच्या बाबतीत महत्त्वाची तथ्ये कोणत्या कागदांत असतात, हे त्यांवरून स्पष्ट होते. दराचा ठराव, वार्षिक अहवाल, राज्य सरकारला पाठवलेली दरनिश्चितीची विवरणे, सभासद व बिगरसभासद यांना दिलेल्या रकमांची विभागणी आणि सवलतीच्या साखरेचा हिशेब हे कागद निर्धारणाच्या वेळी सादर झाले असतील, तर जादा दराला किंमत म्हणावे की नफ्याचे वाटप, हा अधिकाऱ्याने काढायचा निष्कर्ष उरतो. मात्र विभागणीच दिली नसेल किंवा सरकारला दिलेले आणि प्राप्तिकर विभागाला दिलेले आकडे वेगळे असतील, तर ती प्राथमिक तथ्याची उणीव ठरते.

या वादाचा शेवट बराचसा कायदे बदलूनच झाला. वित्त अधिनियम, २०१५ ने कलम ३६(१)(सतरा) घालून, सरकारने निश्चित किंवा मान्य केलेल्या दराइतक्या अथवा त्याहून कमी दराने केलेल्या ऊसखरेदीचा खर्च निर्धारण वर्ष २०१६-१७ पासून वजावटीस पात्र ठरवला. त्याआधीच्या वर्षांची थकित मागणी तशीच राहिली होती. वित्त अधिनियम, २०२३ ने कलम १५५ मध्ये उपकलम (१९) जोडून, १ एप्रिल २०१४ रोजी किंवा त्यापूर्वी सुरू झालेल्या वर्षांत नामंजूर झालेल्या अशा खर्चाची फेरगणना करून घेण्यासाठी सहकारी कारखान्यांना अर्ज करण्याची मुभा दिली. त्यासाठीची चार वर्षांची मुदत ३१ मार्च २०२३ पासून मोजली जाते. या तरतुदीमुळे सहकारी साखर कारखान्यांना सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे २०२३-२४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सांगण्यात आले होते. जुनी निर्धारणे विभागाच्या नव्हे, तर करदात्याच्या मागणीवरून पुन्हा हाताळली जाण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

शेतजमिनीची विक्री

ग्रामीण शेतजमीन ही प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता मानली जात नाही. त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जमीन ग्रामीण आहे की नाही, हे जवळच्या नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ रेषेतील अंतरावर ठरते. लोकसंख्या १०,००० हून अधिक व १ लाखापर्यंत असल्यास दोन किलोमीटर, १ लाखाहून अधिक व १० लाखांपर्यंत असल्यास सहा किलोमीटर आणि १० लाखांहून अधिक असल्यास आठ किलोमीटर अशी मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा शहर आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका ही दोन्ही क्षेत्रे सहा किलोमीटरच्या, तर कराड दोन किलोमीटरच्या गटात येते.

अशा विक्रीची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयातून विभागाला कळते. तीस लाख रुपये किंवा अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचे विवरण या कार्यालयांना द्यावे लागते. विवरणपत्रात विक्रीचा उल्लेखच नसेल, तर जमीन ग्रामीण असली तरी हीच माहिती नोटिशीचा आधार बनू शकते. जमिनीचा गट क्रमांक, सातबारा उतारा, हद्दीपासूनचे अंतर आणि लोकसंख्येचा आधार ही येथील प्राथमिक तथ्ये होत. बिगरशेती परवानगी घेतलेली असताना केवळ जुना सातबारा दाखवणे हे संपूर्ण तथ्य ठरत नाही.

शेती उत्पन्न

सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे, तर तासगावचा परिसर द्राक्षे व बेदाण्यासाठी ओळखला जातो. शेती उत्पन्न कलम १०(१) खाली करमुक्त आहे. शेतमाल बाजारात नेण्यायोग्य करण्यासाठी शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करतो, तिच्यातून मिळणारे उत्पन्नही शेती उत्पन्नाच्या व्याख्येत येते. दुसऱ्याचा माल विकत घेऊन विकणे हा मात्र व्यापार आहे. एकच व्यक्ती स्वतःच्या शेतातील आणि खरेदी केलेला असा दोन्ही माल विकत असेल, तर दोहोंची विभागणी हे महत्त्वाचे तथ्य ठरते.

बचत खात्यांत एका वर्षात दहा लाख रुपये किंवा अधिक रोख जमा झाल्यास बँका विभागाला कळवतात. ही रक्कम शेतमालाची आहे, असे नंतर सांगितल्यास सातबाऱ्यावरील पीकनोंद, अडत्याची पट्टी, बाजार समितीची नोंद आणि लागवडीचा खर्च यांवरून ते सिद्ध करावे लागते. केवळ सातबारा हा जमीनधारणेचा व पिकाचा पुरावा असतो. विक्रीतून किती रक्कम मिळाली, हे त्यावरून कळत नाही.

पवनचक्क्या

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव व गुढे-पाचगणी येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्क्यांना मिळणाऱ्या वाढीव घसाऱ्यामुळे अन्य व्यवसायांतील कंपन्यांनीही त्यांत गुंतवणूक केली. हा दर २००० च्या दशकात बराच काळ ८० टक्के होता आणि १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के आहे. मालमत्ता वर्षात १८० दिवसांहून कमी काळ वापरली गेल्यास घसारा निम्माच मिळतो. त्यामुळे पवनचक्की प्रत्यक्ष कार्यान्वित झाल्याचा दिनांक हे करावर थेट परिणाम करणारे तथ्य ठरते.

पाया, नागरी बांधकाम व विद्युत कामे यांना यंत्राचाच दर लावावा की इमारतीचा कमी दर, हा दुसरा वाद होता. ही कामे पवनचक्कीचा अविभाज्य भाग असल्यास त्यांनाही वाढीव दर लागू होतो, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने कूपर फाउंड्री प्रकरणात २०११ मध्ये मान्य केली. कार्यान्वित होण्याचा खोटा दिनांक देणे ही तथ्य दडवण्याची बाब आहे. खर्चाची संपूर्ण विभागणी देऊन वाढीव दर मागणे हा मात्र कायद्याच्या अर्थाचा प्रश्न आहे.

करदात्याचे हक्क व उपाय

नोटिशीला आधार असलेली माहिती मिळणे, तिला उत्तर देणे आणि उत्तराचा विचार केलेला आदेश मिळणे हे करदात्याचे हक्क आहेत. ज्या कारणासाठी निर्धारण उघडले त्या कारणाखाली कोणतीही वाढ झाली नाही, तर अन्य मुद्द्यांवर स्वतंत्र वाढ करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जेट एअरवेज प्रकरणातील (२०१०) निर्णय आहे. याउलट, पुनर्निर्धारणाचा उपयोग करून पूर्वी अंतिम झालेल्या मुद्द्यांवर नव्याने सवलत मागता येत नाही, हे सन इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

पुनर्निर्धारण आदेशाविरुद्ध तीस दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे आणि त्यानंतर अपीलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अपिले न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे चालतात. नोटीसच अधिकारक्षेत्राबाहेरची असल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सातारा व सांगली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

नोटिशीपूर्वी चूक लक्षात आल्यास कलम १३९(८अ) खाली अद्ययावत विवरणपत्र भरण्याचा मार्ग आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मुदत निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षे झाली असून विलंबानुसार कर व व्याजाच्या २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. पुनर्निर्धारणात उत्पन्न वाढल्यास कर व व्याजाखेरीज कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. तथ्यांचा विपर्यास किंवा ती दडवल्याचे सिद्ध झाल्यास हा दंड २०० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे अट म्हणून वगळलेल्या तथ्यकथनाला दंडाच्या टप्प्यावर आजही निर्णायक महत्त्व आहे.

मूल्यमापन

२०२१ च्या बदलांचे दोन परस्परविरोधी परिणाम सांगितले जातात. मुदती कमी झाल्या आणि नोटिशीपूर्वी सुनावणीचा हक्क मिळाला, ही करदात्याच्या दृष्टीने सुधारणा आहे. परंतु पूर्वी सविस्तर निर्धारण झालेल्या आणि सर्व तथ्ये सांगितलेल्या करदात्याला चार वर्षांनंतर जे वैधानिक संरक्षण मिळत असे, ते कलमाच्या शब्दांतून गेले. आता तो मतबदलाच्या न्यायनिर्मित तत्त्वावर आणि पन्नास लाखांच्या मर्यादेवर अवलंबून असतो. मोठ्या उलाढालीच्या साखर कारखान्यासाठी ही मर्यादा सहज ओलांडली जाणारी आहे, तर लहान शेतकऱ्यासाठी तीच खरे संरक्षण ठरते.

माहितीचा ओघ आता बँका, दुय्यम निबंधक व अन्य संस्थांकडून आपोआप येतो आणि वार्षिक माहिती विवरणात करदात्यालाही दिसतो. त्यामुळे व्यवहार झाला की नाही, यापेक्षा त्या व्यवहाराचे स्वरूप काय होते, यावरच अधिक वाद होतात. रक्कम विभागाला आधीच ठाऊक असते. तिच्यामागील जमीन, पीक, ठराव किंवा दिनांक मात्र करदात्यालाच सांगावा लागतो. प्राथमिक तथ्ये करदात्याची आणि निष्कर्ष अधिकाऱ्याचा, ही १९६० मधील विभागणी कायद्याचे शब्द बदलल्यानंतरही यामुळेच उपयोगी राहिली आहे.